मोफत स्विंग तपासणीच्या नावाखाली खात्यातून गेलेले पैसे

गोल्फची शिकवणी न लावता स्वतःचा स्विंग, म्हणजे क्लब (चेंडू मारण्याची काठी) फिरवण्याची पद्धत, सुधारू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी मोबाईलवर एक जाहिरात फिरत आहे. आपल्या स्विंगचा व्हिडिओ पाठवावा, तज्ज्ञ तो पाहून दोष सांगतील आणि त्यासाठी काहीही शुल्क आकारले जाणार नाही, असे आश्वासन तिच्यात दिलेले असते. या जाहिरातीमागच्या मंडळींनी माझ्या बँक खात्यातून दोन वेळा प्रत्येकी ४,९९९ रुपये काढून घेतले. पैसे माझ्याच संमतीने गेले असे कागदोपत्री दिसावे, अशी त्यांची पद्धत आहे. ती पद्धत आतून कशी चालते हे माहीत असल्याखेरीज तिच्यापासून सावध राहणे कठीण आहे, म्हणून सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

मी सोलापुरात एका टॉवेल कारखान्याच्या लेखा विभागात काम करते. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली आणि तिचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले, तेव्हापासून हा खेळ शिकण्याची इच्छा मनात होती. पुण्यातल्या भावाने त्याचे जुने क्लब दिले आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या आवारात जाळी बांधून मी सराव सुरू केला. क्रिकेटचे प्रशिक्षण देणारे आपल्या शहरात हवे तितके आहेत, पण गोल्फ शिकवणारे माझ्या ओळखीत कोणी नव्हते. शिकवणीसाठी अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला नियमित जाणे, तेही तासाचे शुल्क भरून, मध्यमवर्गीय नोकरदाराला झेपणारे नाही. ही अडचण लहान शहरांतल्या बहुतेक नवशिक्यांची आहे आणि जाहिरात नेमकी तिच्यावरच बोट ठेवते.

माझा दोष म्हणजे स्लाइस, अर्थात चेंडू उजवीकडे वळत जाणे. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्यांत हा दोष सर्रास आढळतो, त्यामुळे ‘तुमचाही चेंडू उजवीकडे जातो का?’ हा जाहिरातीतला प्रश्न मला उद्देशूनच विचारला आहे असे वाटले. आता कळते की हा प्रश्न विचारण्यासाठी गोल्फच्या ज्ञानाची काहीच गरज नाही, कारण दहा नवशिक्यांना विचारला तर त्यांतल्या बऱ्याच जणांचे उत्तर ‘हो’ असेच येईल.

व्हिडिओ पाठवण्यासाठी त्यांचे ॲप घ्यावे लागते. ॲपमध्ये नाव आणि मोबाईल क्रमांक भरल्यावर ‘खरी व्यक्ती असल्याची खात्री करण्यासाठी’ १ रुपया यूपीआयने भरण्यास सांगितले जाते आणि तो लगेच परत मिळेल असे लिहिलेले असते. तो रुपया खरोखरच परत येतो, त्यामुळे विश्वास बसतो. मात्र त्या वेळी आपण नुसता रुपया भरत नसतो, तर ऑटोपेची, म्हणजे पुढची वसुली खात्यातून आपोआप होऊ देण्याची, मंजुरी देत असतो. पडद्यावर १ रुपया मोठ्या अक्षरांत दिसतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत कमाल रक्कम १४,९९९ रुपये, वसुली ‘गरजेनुसार’ आणि मुदत पुढील अनेक वर्षे, असा मजकूर असतो. कमाल रक्कम १४,९९९ ठेवण्यामागे हिशेब आहे. यूपीआय ऑटोपेमध्ये मंजुरी देताना एकदा पिन टाकला की पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या प्रत्येक वसुलीसाठी पुन्हा पिन विचारला जात नाही. वीजबिल, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी यांसाठी ही सोय चांगली आहे आणि मीही ती वापरते, पण फसवणूक करणाऱ्याच्या हातात ती पडली की खात्याचे दार त्याच्यासाठी उघडे राहते.

व्हिडिओ पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी अहवाल आला. अहवाल देखणा होता. माझ्या व्हिडिओतले चित्र, त्यावर रंगीत रेघा आणि खाली आकडे: चेंडूला लागताना फेस (क्लबचा चेंडूवर आदळणारा सपाट भाग) ६.४ अंशांनी उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, क्लबचा मार्ग ४.८ अंशांनी बाहेरून आत, वगैरे. सोबत स्वतःला प्रशिक्षक म्हणवणाऱ्या माणसाचा फोन आला. ‘ताई, तुमची लय छान आहे, थोडे मार्गदर्शन मिळाले तर तीन महिन्यांत तुम्ही मैदानावर उतराल,’ असे तो अतिशय आपुलकीने बोलला. पैशाचा विषय त्याने काढला नाही.

या अहवालाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण तो खोटा आहे हे कोणालाही घरबसल्या ताडता येते. मोबाईलच्या साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रे असतात. क्लब वरून खाली येऊन चेंडूला लागेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, म्हणजे त्या संपूर्ण हालचालीची सात-आठच चित्रे आपल्या हाती येतात. क्लबचे टोक ताशी शंभर किलोमीटरने फिरत असेल, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ते जवळजवळ एक मीटर पुढे सरकलेले असते. फेस आणि चेंडू यांचा स्पर्श तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास टिकतो. सेकंदाला २४० चित्रे घेणारा स्लो मोशन व्हिडिओ असला, तरी दोन चित्रांमधले अंतर चार मिलिसेकंदांहून थोडे जास्तच असते, त्यामुळे नेमका स्पर्शाचा क्षण बहुधा दोन चित्रांच्या मधे निसटून जातो. हा कोन मोजणारी यंत्रे असतात, त्यांत डॉप्लर रडार किंवा अतिवेगवान कॅमेरे वापरतात आणि ती महाग असतात. सोलापुरात घराच्या आवारात, संध्याकाळच्या उजेडात, साध्या मोबाईलवर घेतलेल्या चित्रणावरून स्पर्शाच्या क्षणीचा कोन कोणी दशांशासह सांगत असेल, तर ते आकडे मोजलेले नसून बनवलेले आहेत असे खुशाल समजावे.

याचा पुरावाही नंतर मिळाला. बार्शीच्या एका परिचितांनी याच ॲपवर व्हिडिओ पाठवला होता. आम्ही दोघांचे अहवाल शेजारी ठेवून पाहिले तेव्हा सगळे आकडे दशांशासह तेच निघाले. ते गृहस्थ डावखुरे आहेत, तरीही ‘चेंडू उजवीकडे वळतो’ हे वाक्य त्यांच्या अहवालातही जसेच्या तसे होते. डावखुऱ्या खेळाडूचा स्लाइस डावीकडे वळतो. व्हिडिओ कोणी पाहिलेच नव्हते, एवढे यावरून स्पष्ट झाले.

अहवालातला सल्ला चुकीचा होता, आणि मला याचा राग पैशाइतकाच आहे. चेंडू उजवीकडे जात असल्यामुळे उभे राहताना डावीकडे नेम धरावा, असे त्यात लिहिले होते. चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः स्पर्शाच्या वेळी फेस कुठे पाहतो यावर ठरते आणि फेस क्लबच्या मार्गाच्या तुलनेत जितका उघडा, तितका चेंडू वळतो. फेस उघडाच ठेवून शरीर आणखी डावीकडे वळवले की क्लबचा मार्ग अधिकच बाहेरून आत येतो आणि चेंडू पूर्वीपेक्षा जास्त उजवीकडे वळतो. माझ्याबाबतीत तसेच झाले. स्लाइस वाढला की पुढची सशुल्क शिकवणी विकणे सोपे जाते, हा त्यामागचा हेतू होता की निव्वळ अज्ञान, हे मला सांगता येणार नाही.

मार्चअखेरच्या घाईत खात्यातून ४,९९९ रुपये गेले आणि आठवड्याभरात तेवढेच पुन्हा गेले. वसुलीपूर्वी किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि त्याप्रमाणे दोन्ही वेळा संदेश आलेही होते. मात्र त्या संदेशांत ॲपचे नाव नव्हते. तिथे एका भलत्याच कंपनीचे नाव होते, ज्याचा गोल्फशी काही संबंध असेल असे कोणालाही वाटणार नाही, आणि दिवसाला जाहिरातींचे जे ढीगभर संदेश येतात त्यांत ते बेमालूम मिसळून गेले. पहिली रक्कम गेल्यावर मी ॲप काढून टाकले होते. त्याने काहीही होत नाही, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे. मंजुरी ॲपमध्ये नसून यूपीआय आणि बँकेकडे नोंदलेली असते, त्यामुळे मोबाईलमधून ॲप नाहीसे झाले तरी वसुली सुरूच राहते.

ही मंजुरी आपल्या यूपीआय ॲपमध्येच रद्द करता येते. तिथे ऑटोपे किंवा मँडेट नावाचा विभाग असतो, त्यात चालू असलेल्या सर्व मंजुऱ्यांची यादी दिसते आणि नको असलेली तिथल्या तिथे थांबवता येते. समोरच्या कंपनीची परवानगी त्यासाठी लागत नाही. एकाहून अधिक यूपीआय ॲप वापरत असाल तर प्रत्येकात ही यादी तपासा. आमच्या कारखान्यातल्या सहकाऱ्यांना मी ती उघडून पाहायला लावली, तेव्हा बंद झालेल्या चित्रपटवाहिन्यांच्या आणि खेळांच्या ॲपच्या मंजुऱ्या कित्येकांकडे तशाच पडून असलेल्या आढळल्या.

मंजुरी रद्द केल्यानंतर तोच प्रशिक्षक पुन्हा फोनवर आला. ‘ताई, चुकून वसुली झाली, परतावा पाठवतो,’ असे म्हणून त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. मी नकार दिल्यावर त्याने पडदा दाखवणारे एक ॲप घेण्याचा आग्रह धरला, म्हणजे माझ्या मोबाईलवर जे दिसेल ते त्यालाही दिसले असते. तेथून पुढे मी त्याच्याशी बोलले नाही.

तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक १९३० आहे. सोलापूरकरांना तो वेगळा पाठ करावा लागू नये, कारण १९३० सालीच आपल्या शहराने मार्शल लॉ पाहिला आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते, म्हणून आधी फोन आणि मग बाकीचे. त्यानंतर सायबर गुन्ह्यांच्या केंद्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवून पावती क्रमांक घ्यावा आणि बँकेला लेखी कळवावे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. ग्राहक म्हणून १९१५ या क्रमांकावरही तक्रार करता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला फसवून वर्गणीत अडकवण्याचा प्रकार स्पष्टपणे अनुचित ठरवलेला आहे, त्याचा उल्लेख तक्रारीत अवश्य करावा.

विनाशुल्क स्विंग सुधारणे शक्य आहे, आणि ते मी जाहिरातीच्या नादातून बाहेर पडल्यावर अनुभवते आहे. सर्वांत आधी ग्रिप, म्हणजे क्लबवरची पकड, पाहावी. उजव्या हाताच्या खेळाडूने क्लब धरून खाली पाहिल्यावर डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले दोन-तीन सांधे दिसले पाहिजेत आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली रेघ उजव्या खांद्याकडे गेली पाहिजे. ती हनुवटीकडे किंवा डावीकडे जात असेल तर फेस उघडा राहतो, आणि बहुतेकांच्या स्लाइसचे मूळ इथेच असते. दुसरे, जमिनीवर खडूने रेघ ओढून चेंडूशिवाय आयर्न या प्रकारच्या क्लबचा स्विंग करावा आणि क्लब रेघेच्या पुढे घासतो की मागे ते पाहावे. आयर्नसाठी तो रेघेच्या किंचित पुढे घासायला हवा. फेसवर टाल्कम पावडर लावली तर चेंडू कुठे लागला त्याचा ठसा उमटतो. डाव्या काखेत टॉवेल धरून तो न पडू देता अर्धा स्विंग करण्याचा सरावही जगभर करतात, आणि टॉवेलची तर आपल्या शहरात वाण नाही. मोबाईलचा उपयोगही होतोच, फक्त तो हातांच्या उंचीवर, चेंडूच्या दिशेशी समांतर ठेवावा आणि आधीच्या आठवड्याच्या चित्रणाशी तुलना करावी. त्यातून खांदे, डोके आणि क्लबची वरची स्थिती नीट दिसते. मोकळ्या प्लॉटवर मात्र खरा चेंडू मारू नये. तो लहान, कठीण आणि ४५ ग्रॅमहून थोडा जड असतो, कोणाच्या डोक्याला लागला तर प्राणावर बेतू शकते. जाळी नसेल तर फोमचे चेंडू वापरावेत.

माझी रक्कम अद्याप परत आलेली नाही, तक्रार चालू आहे. याच पद्धतीने ज्यांचे पैसे गेले असतील त्यांनी ॲप काढून टाकण्यापूर्वी त्यातल्या अहवालाची, मंजुरीच्या नोंदीची आणि वसुलीपूर्वीच्या संदेशांची छायाचित्रे जपून ठेवावीत. शहरातल्यांनी पोलीस आयुक्तालयाच्या आणि तालुक्यांतल्यांनी ग्रामीण पोलिसांच्या सायबर विभागात बँकेच्या खातेउताऱ्यासह ती द्यावीत. अहवालांतले सारखे आकडे दाखवणारी दोन-तीन माणसे एकत्र गेली, तर हा एखाद्याचा गैरसमज नसून ठरवून केलेली फसवणूक आहे हे तपास अधिकाऱ्यांना दाखवणे सोपे जाते. बार्शीचे परिचित आणि मी आमच्या तक्रारी एकमेकांच्या पावती क्रमांकांसह जोडून दिल्या आहेत.