‘ॲनिमल फार्म’ची स्वस्त प्रत घेताना काय तपासावे

जळगाव-धुळ्याच्या पुस्तकांच्या दुकानांत ‘ॲनिमल फार्म’ बऱ्याचदा बालसाहित्याच्या फळीवर सापडते. मुखपृष्ठावर हसरे डुक्कर, आत मोठा टाइप. प्रत्यक्षात ही जॉर्ज ऑर्वेल यांची राजकीय रूपककथा आहे: शेतावरचे प्राणी मालकाला हाकलून स्वतःचे राज्य आणतात आणि हळूहळू डुकरेच हुकूमशहा होतात. ऑर्वेल 1950 मध्ये गेले आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. त्यामुळे 2011 पासून हे पुस्तक कोणीही छापू शकतो. म्हणूनच इतक्या आवृत्त्या, आणि म्हणूनच त्यांचा दर्जा इतका कमी-जास्त.

पहिली गोष्ट: संक्षिप्त प्रत घेऊ नका. पूर्ण पुस्तकात 10 प्रकरणे आहेत, तेवढी मोजा. मग दुसऱ्या प्रकरणाचा शेवट उघडा. गाईंचे पाच बादल्या दूध निघते, सगळे कापणीला जातात, संध्याकाळी परततात तेव्हा दूध नाहीसे झालेले असते. पुढे कळते की ते रोज डुकरांच्या खाण्यात जाते, सफरचंदेही त्यांनाच. कथेला कलाटणी इथेच मिळते, असे ऑर्वेल यांनी स्वतः पत्रात लिहिले आहे. संक्षेप करताना नेमका हाच भाग गाळला जाऊ शकतो, कारण त्यात मारामारी नाही. तो गेला की उरते फक्त एका दुष्ट डुकराची गोष्ट. हुकूमशाही कशी रुजते, ते त्यातून निसटते.

दुसरी तपासणी बंडानंतर भिंतीवर लिहिलेल्या सात नियमांची, जे डुकरे पुढे गुपचूप बदलतात. दुसऱ्या प्रकरणातले नियम सहाव्या आणि आठव्या प्रकरणांतल्या बदललेल्या नियमांशेजारी ठेवून वाचा. ‘पलंगावर झोपू नये’ यात चादरींची अट घुसते, ‘दुसऱ्या प्राण्याला मारू नये’ यात ‘विनाकारण’ येते, दारूबंदीत ‘अति’ येते. जोडलेले शब्द सोडले तर बाकीचे वाक्य जसेच्या तसे हवे. अनुवादकाने शैलीसाठी दोन्हीकडे वेगळी रचना केली असेल, तर डुकरांची लबाडी वाचकाच्या लक्षातच येत नाही. अशी प्रत बाजूला ठेवा.

सातव्या प्रकरणातल्या कोंबड्यांवर थोडे थांबावे. आठवड्याला 400 अंडी विकण्याचा करार होतो, कोंबड्या विरोध करतात, त्यांचे दाणे बंद होतात. नऊ मरतात आणि जाहीर होते की कॉक्सिडिओसिसने मेल्या. नवापूरकडच्या पोल्ट्रीवाल्यांना हा रोग समजावून सांगावा लागणार नाही. कोंबड्यांना तो खरोखर होतो, म्हणून खोटे पचते. प्रतीत रोगाचे नाव गाळून नुसते ‘आजाराने मेल्या’ असे नाही ना, ते पाहा. त्याने प्रसंगाची धारच जाते.

बॉक्सर घोड्याचा भाग आपल्या शेतकऱ्याला सर्वात जास्त लागेल. पेन्शन ठरलेली असते: घोड्याला दिवसाला पाच पौंड धान्य, हिवाळ्यात 15 पौंड गवत, म्हणजे साधारण सव्वादोन किलो आणि पावणेसात किलो. हा हिशेब नवव्या प्रकरणात येतो. पण म्हाताऱ्या जनावरांसाठी राखलेले कुरण आठव्याच्या शेवटीच नांगरायला काढलेले असते, तिथे सातू पेरायचा असतो. राबून थकलेला बैल खाटकाला जाताना ज्याने पाहिला आहे, त्याला पुढे बॉक्सरला खाटकाकडे नेणाऱ्या गाडीचे काही सांगायला नको.

पवनचक्कीच्या स्फोटात ‘नेपोलियन सोडून’ सगळे प्राणी जमिनीवर पालथे पडतात, हेही तपासा. नेपोलियन हा डुकरांचा हुकूमशहा, म्हणजे रूपकातला स्टालिन. आधी मजकुरात तोही पडत होता. जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा स्टालिन मॉस्कोतच राहिला, म्हणून न्याय राखायला ऑर्वेल यांनी छपाईपूर्वी ते बदलले. रूपककथेतली ही प्रामाणिकता मला फार मोलाची वाटते.

‘नेपोलियन म्हणजे स्टालिन’ असा तक्ता सुरुवातीलाच छापलेला असेल, तर तो शेवटी वाचा. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातला कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे प्रेक्षकांनी तक्त्याविना ओळखले होते. ब्रिटिश सरकारनेही ओळखले आणि 1910 मध्ये बंदी घातली. आधी तक्ता वाचला की पुस्तक रशियापुरते उरते.

‘द फ्रीडम ऑफ द प्रेस’ ही प्रस्तावना असलेली प्रत मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या. 1945 च्या पहिल्या आवृत्तीत ती नव्हती, 1972 मध्ये प्रथम छापली गेली. सरकारने न सांगताही प्रकाशक आणि लेखक स्वतःच कसे गप्प बसतात, हे तिच्यात आहे. शाळेच्या ग्रंथालयासाठी हीच प्रत घ्यावी, शक्यतो शिवलेल्या बांधणीची. नुसत्या डिंकाने चिकटवलेली पाने हाताळून लवकर सुटतात आणि शेवटचे प्रकरण आधी गळते.