एमटीबीव्हॅक: दोन जनुके काढून घडवलेली क्षयाची लस

क्षयरोगाच्या ज्या जिवंत लसी सध्या चाचणीत आहेत, त्यांत सर्वांत विचारपूर्वक घडवलेली लस एमटीबीव्हॅक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्पेनमधील झारागोझा विद्यापीठात कार्लोस मार्तिन यांच्या गटाने पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या सहकार्याने ती तयार केली. उत्पादन बायोफॅब्री कंपनीचे आहे.

बीसीजी या प्रचलित क्षयलसीचा जिवाणू मुळात गाईगुरांच्या क्षयाचा. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ या काळात तो २३० वेळा नव्या माध्यमावर वाढवला. त्यात काय गळावे हे कोणी ठरवले नव्हते. आरडी१ हा जनुकांचा तुकडा गेला आणि त्यासोबत इसॅट-६ व सीएफपी-१० ही ठळक प्रथिनेही गेली. एमटीबीव्हॅकचा मूळ वाण, एमटी१०३, माणसाच्याच क्षयाचा, रुग्णाकडून मिळालेला. त्यामुळे ही प्रथिने त्यात शाबूत आहेत.

पहिले काढलेले जनुक फो-पी. त्यातून एक नियामक प्रथिन बनते आणि जिवाणूच्या सुमारे २ टक्के जनुकांवर त्याचा ताबा चालतो. ते गेले की इसॅट-६ आत तयार होते, बाहेर टाकले जात नाही. उलट प्रतिकारशक्तीला जागवणारी एजी८५ गटाची प्रथिने जास्त बाहेर पडतात, आणि लसीला तेच हवे असते. दुसरे जनुक फॅड-डी२६. ते नसले की पीडीआयएम हे आवरणातले मेद बनत नाही आणि जिवाणूची मारकता घटते.

दोन जनुके का? आधीच्या एसओ२ या वाणात फक्त फो-पी बंद केले होते आणि तेही कॅनामायसिन या प्रतिजैविकाला रोधणारे जनुक मधे घुसवून. जिवंत लसीत प्रतिजैविकरोधी जनुक चालत नाही, आणि एकाच बदलावर सुरक्षितता टांगणे धोक्याचे. एच३७आरए या प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी वाणात फो-पीचे एकच अक्षर बदललेले आहे. असा बदल उलटू शकतो, पूर्ण कापलेला तुकडा परत येत नाही. म्हणून एमटीबीव्हॅकमध्ये काढायच्या जनुकाच्या जागी हायग्रोमायसिनरोधी जनुक दोन्ही बाजूंना 'रेस' खुणा लावून बसवले जाते, योग्य वसाहती निवडल्या जातात आणि मग रिझॉल्व्हेज विकर ते जनुक कापून काढते. मागे फक्त रेसची छोटी खूण उरते.

या कामात फसगत पीडीआयएमपाशी होते. प्रयोगशाळेत वारंवार वाढवताना जिवाणू ते आपोआप गमावतात, म्हणून मूळ वाणाचे मेद आधी न तपासता काढलेला निष्कर्ष खोटा ठरू शकतो. दुसरी अडचण गुठळ्यांची. गुठळ्या मोडण्यासाठी घातलेले ट्वीन-८० हे साबणासारखे द्रव्य असूनही जिवाणू चिकटून राहिले तर वसाहतींची मोजणी कमी भरते आणि डोसचा अंदाज चुकतो.

२०२२ पासून दक्षिण आफ्रिका, मादागास्कर आणि सेनेगलमध्ये नवजात बालकांवर बीसीजीशी तुलना करणारी तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. भारतात भारत बायोटेकने २०२४ मध्ये प्रौढांवर चाचण्या सुरू केल्या.

आमची तक्रार एकच, पण मोठी. इसॅट-६ आणि सीएफपी-१० शाबूत असल्याने लस घेतलेल्यांची इग्रा ही संसर्ग ओळखणारी रक्ततपासणी, संसर्ग नसतानाही, सकारात्मक येऊ शकते. दक्षिण आफ्रिकेतील बालकांच्या पहिल्या चाचणीत डोस वाढवला तसे हे प्रमाण वाढले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी ही त्वचाचाचणीही याच दोन प्रथिनांवर चालते. त्यामुळे रुग्णाच्या घरातल्या लहान मुलांची तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने लसीकरणाची तारीख आधी विचारायला हवी, आणि ती कार्डावर ठळक लिहिलेली असायला हवी.