आरटीएक्स ४०९० आणि सोळा पिनांची केबल: वर्षभराच्या वापरानंतर

माझं काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं. बिल्डरांसाठी इमारतींची, फ्लॅटच्या आतल्या सजावटीची थ्रीडी दृश्यं रेंडर करून देतो. त्यामुळे माझं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड रात्र रात्र पूर्ण लोडवर चालतं, आणि पुण्यातला एप्रिल-मेही त्याने असाच काढलाय. कार्डाच्या वेगाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, ते सगळं खरं आहे, मी त्यात भर घालत नाही. मला लिहायचंय ते कार्डाच्या वरच्या कडेला असलेल्या त्या बोटभर सॉकेटबद्दल. दीडेक लाखाच्या पुढची वस्तू घेताना लोक कूलर बघतात, आरजीबीचे रंगीत दिवे बघतात, वॉरंटी विचारतात. ज्यातून सगळी वीज आत जाते ते सॉकेट मात्र कुणी बघत नाही. ते आधी बघावं.

आधी आकडे, कारण पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. आपण वर्षानुवर्षं वापरत आलो तो आठ पिनांचा पीसीआय-ई कनेक्टर १५० वॉटसाठी ठरवलेला. त्यात १२ व्होल्टच्या तीन तारा, म्हणजे एका तारेतून सव्वाचार अँपिअरच्या आसपास. त्याच्या जाड पिना याच्या दुपटीच्या जवळपास प्रवाह सहज सोसतात. नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरवर, म्हणजे १२व्हीएचपीडब्ल्यूआरवर, ६०० वॉटची परवानगी आहे. १२ व्होल्टला ते ५० अँपिअर होतात. सोळांपैकी चार छोट्या पिना नुसत्या संकेतासाठी, सहा अर्थच्या, आणि उरलेल्या सहांवर हा सगळा भार: एकीच्या वाट्याला ८.३ अँपिअर. पिनेची मर्यादा साडेनऊच्या आतच. दोन पिनांतलं अंतरही ४.२ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरवर आणलंय. थोडक्यात पिना बारीक झाल्या, प्रवाह दुप्पट झाला आणि हाताशी राखीव म्हणून जेमतेम दहा टक्के उरले.

४०९० ठरलेल्या ४५० वॉटवर चाललं तर प्रत्येक पिनेला सहा अँपिअरच्या आसपास येतात. हे चालण्यासारखं आहे, पण सहाही पिनांनी भार सारखा उचलला तर. एखादी पिन नीट टेकली नाही, तर तिचा वाटा बाकीच्यांवर जातो. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: प्रवाह दुप्पट, तर त्याच सांध्यात उष्णता चौपट. ३०९० टीआय या आधीच्या कार्डात सहा तारांच्या तीन जोड्या करून प्रत्येक जोडीवर वेगळं लक्ष ठेवलं जायचं. ४०९० मध्ये सहाही तारा बोर्डावर पोचल्या पोचल्या एकत्र होतात. कोणती तार किती ओढतेय हे कार्डाला कळायला मार्गच नाही. एनव्हिडियाने ही सोय काढली हे मला अजिबात पटलेलं नाही. वापरणाऱ्याने केबल नीट बसवावी हे मान्य, पण साडेचारशे वॉटच्या वस्तूला स्वतःच्या तारांवर नजर ठेवता यायला हवी.

ऑक्टोबर २०२२ मध्ये कार्ड बाजारात आलं आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या कनेक्टरचे फोटो फिरायला लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने जगभरातली सुमारे ५० प्रकरणं कळल्याचं सांगितलं आणि कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण असल्याचं म्हटलं. गेमर्स नेक्सस या चॅनलने प्रयोग करून दाखवलं तेही साधारण हेच: अर्धवट बसलेला आणि त्यात वाकडा झालेला कनेक्टर जळतो. मग २०२३ मध्ये १२व्ही-२×६ ही सुधारणा आली. संकेताच्या चार पिना दीड मिलिमीटरने आखूड केल्या आणि वीज वाहणाऱ्या पिना पाव मिलिमीटरने लांब. त्यामुळे केबल पुरती आत गेली नाही तर संकेतच जुळत नाही आणि कार्ड वीज ओढत नाही. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून सांगतो: बदल सॉकेटमध्ये आहे, केबल तीच. नवी केबल आणून जुनं सॉकेट सुधारत नाही. सॉकेटजवळ ‘एच’पुढे एक अधिकचिन्ह असेल तर जुनं, दोन असतील तर नवं. माझ्या कार्डावर एकच आहे, त्यामुळे ती आपोआप मिळणारी सुरक्षा मला नाही.

सुरुवातीला मी कार्डासोबत आलेला, जुन्या आठ पिनांच्या केबली सोळा पिनांच्या सॉकेटला जोडणारा चार शेपट्यांचा अडॅप्टर वापरला. तो काम करतो. त्याच्या चारही टोकांना पॉवर सप्लायमधून चार वेगळ्या केबली आल्या पाहिजेत. एकाच केबलची दोन तोंडं दोन ठिकाणी लावणं टाळावं. पण तो जड आहे, ताठ आहे, आणि एका सांध्याऐवजी पाच सांधे होतात. चार शेपट्यांचं ओझं त्या बोटभर सॉकेटला लोंबकळत राहतं हे मला बघवेना. म्हणून एमएसआयचा हजार वॉटचा पॉवर सप्लाय घेतला, ज्याची सोळा पिनांची केबल थेट कार्डापर्यंत जाते. या खरेदीवर मी पूर्ण समाधानी आहे, आणि त्याचं मोठं कारण एक साधी गोष्ट: केबलच्या टोकाला पिवळा रंग आहे. कनेक्टर पुरता आत गेला की पिवळं दिसेनासं होतं. जरा जरी पिवळं दिसलं तरी अजून आत जायचंय. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी युक्ती सगळ्यांनीच करायला हवी.

बसवताना मी काय करतो ते नीट सांगतो. पॉवर सप्लायचं बटण बंद, भिंतीतला प्लग बाहेर, मग कॅबिनेटचं बटण काही सेकंद दाबून उरलासुरला चार्ज काढून टाकायचा. कार्ड कॅबिनेटमध्ये असताना केबल लावत नाही. हात अडतो, नीट दिसत नाही, आणि सगळा दाब मदरबोर्डाच्या स्लॉटवर पडतो. कार्ड टेबलावर मऊ कापडावर ठेवतो, सॉकेटमध्ये टॉर्च मारून धूळ, प्लॅस्टिकचा तुकडा, वाकलेली पिन काही आहे का बघतो. मग कनेक्टर सरळ धरून दोन्ही अंगठ्यांनी, तारांवर नव्हे तर कनेक्टरच्या अंगावर, सारखा दाब देतो. जोर लागतो, पहिल्यांदा वाटतो त्याहून बराच. ‘टक’ आवाजावर विसंबू नका. काही सॉकेटांत तो जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि काहींत खटका आधी अडकल्यासारखा वाटतो नि एक बाजू अजून वर असते. डोळ्यांनी बघायचं: दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का, अंगठ्याचं नख मध्ये शिरतंय का. शिरलं तर बसलेला नाही. शेवटी कनेक्टर धरून हलकेच मागे ओढायचा. खटक्याने धरून ठेवला पाहिजे. मग मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने दोन्ही बाजूंनी फोटो. हा फोटो जपून ठेवा, पुढे फार कामाला येतो. पॉवर सप्लायच्या टोकालाही हेच सगळं करायचं. तिकडचं टोक लोक विसरतात.

पुढचा प्रश्न वाकण्याचा. कनेक्टरपासून निदान ३५ मिलिमीटर केबल सरळ असावी, त्यानंतर वळण द्यावं, असं केबल बनवणारे सांगतात. लगेच वाकवली की एका कडेच्या पिना ओढल्या जातात आणि आतला स्पर्श सैल होतो. मुंबईतल्या एका दुकानात मी तयार पीसी बघायला गेलो होतो, तिथे ४०९० ची केबल काचेच्या पॅनलला टेकून जवळजवळ काटकोनात दुमडलेली होती. विचारलं तर उत्तर आलं, ‘सगळ्यांची अशीच असते, काही होत नाही.’ लाखभराच्या पुढची वस्तू गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारताना हे बोलणं मला फार लागलं. कॅबिनेट घेताना कार्डाची लांबी सगळे मोजतात. कार्डाच्या वरच्या कडेपासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. ४०९० ची बरीच कार्डं उंचीलाही अवाढव्य आहेत, आणि वर केबलला सरळ जागा अधिक वळण एवढं हवं. मी याच कारणाने रुंद कॅबिनेट घेतलं. काटकोनी अडॅप्टरच्या नादी लागलो नाही: केबलमॉड या कंपनीने आपले काटकोनी अडॅप्टर परत मागवले, अमेरिकेतल्या फेब्रुवारी २०२४ च्या अधिकृत सूचनेत त्यांची संख्या २५ हजारांवर होती. कार्डाखाली टेकूही लावलाय, कारण कार्ड झुकलं की केबलवर ताण येतो.

आता मोजमाप. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर आणला. साधा, फक्त एसी मोजणारा इथे उपयोगाचा नाही. कनेक्टरपासून लांब, तारा हळूच सुट्या करून, पूर्ण ४५० वॉट लोडवर एकेक तार मोजली. पाच तारा ५.६ ते ६.२ अँपिअरच्या दरम्यान, एक ७.२ वर. म्हणजे अगदी नीट बसवलेल्या नव्या केबलमध्येही वाटणी सारखी नसते. स्पर्शातला विरोध मुळात मिलिओहममध्ये असतो, त्यामुळे एक-दोन मिलिओहमचा फरकही वाटणी बदलतो. काही महिन्यांनी पुन्हा मोजलं, आकडे जवळजवळ तेच आले, आणि मी निर्धास्त झालो. ही निर्धास्ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डेरबाउअर या जर्मन ओव्हरक्लॉकरने (कार्डं ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणाऱ्याने) पुढच्या पिढीच्या, ५७५ वॉटच्या आरटीएक्स ५०९० कार्डावर मोजलं, तेव्हा एका तारेतून २० अँपिअरच्या वर जात होते आणि पॉवर सप्लायच्या टोकाचं तापमान दीडशे अंशांच्या घरात पोचलं होतं. तो माणूस केबल बसवायला शिकलेला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही.

म्हणून मी पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा, ७५ टक्क्यांवर आणून ठेवलंय, एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधून. कार्ड ३४० वॉटच्या आसपास राहतं, सगळ्यात भारी तारही साडेपाचच्या आत येते. रात्रीच्या रेंडरला थोडी मिनिटं जास्त लागतात, गेममध्ये तर फरक जाणवत नाही. उन्हाळ्यात खोलीही कमी तापते. या कार्डाच्या मालकाने एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी, पैसा लागत नाही.

केबल सारखी काढून बघू नका. हा कनेक्टर ३० वेळा काढ-घाल करण्यासाठीच ठरवलेला आहे, आणि प्रत्येक वेळी पिनांची पकड थोडी ढिली होते. मी महिन्या-दोन महिन्यांनी धूळ झटकताना टॉर्चने बघतो आणि पहिल्या फोटोशी ताडून पाहतो: फट वाढली का, प्लॅस्टिकचा रंग बदलला का. दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायची मॉड्युलर, म्हणजे सुटी निघणारी, केबल तर चुकूनही लावू नका. पॉवर सप्लायच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येकाची वेगळी असते, केबल बसते पण व्होल्टेज भलत्याच पिनेवर जातं. घरातलं अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

लोडवर असताना स्क्रीन काळा झाला आणि पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरायला लागले, तर ते संकेताच्या पिना सुटल्याचं लक्षण असू शकतं. जळकट वास आला तर विचार करत बसू नका, भिंतीतलं बटण बंद करा. पुन्हा चालू करून बघायचा मोह आवरा. कनेक्टर तपकिरी झालेला दिसला तर त्या सॉकेटमध्ये नवी केबल घालू नका. भाजलेली पिन नव्या केबललाही भाजते. फोटो काढा आणि कार्ड वॉरंटीला पाठवा.

कार्डाला पाचपैकी पाच, कनेक्टरला दोन. गेमिंगपुरतंच हवं असेल आणि ही काळजी नको असेल तर एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स कार्डाची बहुतेक मॉडेल्स जुन्या आठ पिनांवर चालतात, ती बघा. ब्लेंडरसाठी मला एनव्हिडियाच लागतं. ५०९० घेणाऱ्यांनी प्रत्येक पिनेचा प्रवाह दाखवणारं मॉडेल घ्यावं. आसुसच्या ॲस्ट्रल मालिकेत ती सोय आहे, आणि तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मी देईन. सध्या माझी केबल आहे तिथेच राहील. थर्मल पेस्ट बदलायला कार्ड उघडेन तेव्हा ती निघेल, आणि त्या वेळी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची नवी केबल लावून सहाही तारा पुन्हा मोजेन.