नाथसागरावर फर्लर: घ्यावा का?

पैठणला नाथसागरात आमची छोटी शिडाची होडी असते. तिच्या पुढच्या शिडाला फर्लर बसवला. दोरी ओढली की शीड फोरस्टेभोवती, म्हणजे डोलकाठीपासून होडीच्या टोकापर्यंत ताणलेल्या तारेभोवती, चटईसारखं गुंडाळतं. वळवाचं वारं सुटलं की होडीच्या टोकाला जाऊन झोंबायला नको. माल दणकट, माहितीपत्रक मात्र थातूरमातूर. खरी मेख शिडाच्या वरच्या टोकाशी आहे. हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) फोरस्टेला समांतर राहिली तर स्विव्हल (तिथला फिरता जोड) फिरायच्या ऐवजी तीच पीळ खाते, की सगळं जाम! ती डोलकाठीकडे थोडी तिरपी हवी. खाली गुंडाळायची दोरी ड्रममध्ये (ती जिच्यावर वेढली जाते त्या चकरीत) काटकोनात शिरू द्या, नाहीतर वेढे एकमेकांत अडकतात. शीड पूर्ण गुंडाळल्यावरही ड्रमवर दोन-तीन वेढे शिल्लक ठेवा, जोराच्या वाऱ्यात लागतात. किंमत छोट्या होडीला जडच जाते. तरी घ्या, पण बसवताना माहीतगार माणूस शेजारी असू द्या.