पटकन खाली यायचंय: कान, बी-लाइन की स्पायरल?

पॅराग्लायडरवर उंची झटपट कमी करायचे हे तीन मार्ग. बिग इअर्समध्ये (विंगची, म्हणजे डोक्यावरच्या कापडी पंखाची, टोकं दुमडून) सिंक, म्हणजे खाली येण्याचा वेग, सेकंदाला साधारण ३ मीटर, बी-लाइन स्टॉलमध्ये ६ ते ८, स्पायरलमध्ये (घट्ट गोल फिरत) १० ते १५, कधी त्याहूनही जास्त. नुसते आकडे पाहिले तर स्पायरलच घ्यावासा वाटतो. पण आधी बघायचं ते हे की, हवा तुम्हाला वर ओढतेय की मागे ढकलतेय, आणि तुमच्या विंगला काय चालतं.

रिजवर, म्हणजे डोंगराच्या धारेवर, वारा वाढला, पुढे सरकणं थांबलं, मागे रोटर (धारेमागची घुसळलेली हवा) आहे: कामशेतला उडणाऱ्यांना दुपारचा हा प्रसंग ओळखीचा असेल. इथे कान आणि स्पीडबार (पायांनी दाबून वेग वाढवायची दांडी) ही जोडीच कामाची. सर्वांत बाहेरच्या ए लाइन्स (विंगच्या पुढच्या कडेच्या दोऱ्या) ओढल्या की विंगची टोकं दुमडतात. ब्रेकची हँडल हातातच ठेवायची आणि वळायचं ते वेट शिफ्टने, म्हणजे शरीर एका बाजूला झुकवून. नुसत्या कानांनी विंग हळू होते आणि स्टॉलच्या, म्हणजे हवेतली उचल गमावण्याच्या, थोडी जवळ जाते. बार दाबला की तो धोका घटतो, सिंक वाढतो आणि पुढचा वेगही मिळतो. क्रम मात्र पक्का हवा: आधी कान, मग बार; सोडताना आधी बार, मग कान. मर्यादा एकच, पण मोठी. ढगाखाली सेकंदाला ५ मीटरची लिफ्ट (वर जाणारी हवा) असेल, तर ३ मीटरचा सिंक घेऊनही तुम्ही २ मीटरने वरच चढत राहाल.

बी-लाइन स्टॉलला पूर्वी मधला मार्ग म्हणत. बी रायझर (दोऱ्यांच्या दुसऱ्या रांगेचे पट्टे) खाली ओढले की विंगचा पुढचा वेगच संपतो आणि तुम्ही जवळपास सरळ खाली येता. म्हणजे हवेच्या हिशेबाने सरळ! ७ मीटरच्या सिंकने १००० मीटर उतरायला सुमारे अडीच मिनिटं लागतात. ताशी ३० किमी वाऱ्यात तेवढ्यात सव्वा किलोमीटर मागे वाहून जाल. रिजवर हे परवडणारं नाही. सोडताना दोन्ही रायझर एकदम आणि पटकन वर गेले पाहिजेत, नाहीतर विंग पॅराशूटल स्टॉलमध्ये (फुगलेली, पण पुढे न जाता खाली येत राहणारी) अडकू शकते. त्यातच हल्लीच्या कमी लाइन्सच्या बऱ्याच विंगना हे चालत नाही, दोऱ्यांच्या दोनच रांगा असलेल्या टू-लाइनरवर तर प्रश्नच नाही. मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी असेल तरच यादीत ठेवा. माझ्या यादीत ते शेवटी आहे.

वर ओढणाऱ्या हवेत स्पायरलला तोड नाही. वाऱ्यात तोही वाहतो, पण तेवढीच उंची दीड मिनिटात उतरवतो. किंमत शरीर मोजतं: वजन तिप्पट-चौपट वाटतं, डोक्यातलं रक्त खाली जातं, नजर आक्रसते आणि पुढे शुद्धही हरपू शकते. काही विंग ब्रेक सोडल्यावरही फिरतच राहतात. तिथे शरीर बाहेरच्या बाजूला टाकून बाहेरचा ब्रेक लावावा लागतो. बाहेर येताना एक-दोन वळणांत वेग जिरवायचा. एकदम सोडलं तर विंग उसळते. कान लावून स्पायरल तर अजिबात नको, सगळा भार मोजक्या लाइन्सवर येतो.

आणि क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी पावसाचा ढग? २००७ साली ऑस्ट्रेलियात मनिला इथे पॅराग्लायडर पायलट एव्हा विस्निएर्स्का अशा ढगात ओढली जाऊन ९,९४६ मीटरपर्यंत गेली. बेशुद्ध पडली, तरी वाचली. तसल्या ढगातली लिफ्ट स्पायरलच्या सिंकलाही मागे टाकू शकते. तिथे निवड ढग वाढताना दिसतो तेव्हाच करायची: लिफ्ट सोडून बाजूला उडा, उतरा. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग घाटावर चढू लागले की दुसरा फेरा नको.

नवखे असाल तर यंदा कान आणि बार, शांत हवेत, हाताला सवय होईपर्यंत. स्पायरल शिकायचाच, पण एसआयव्ही (हवेतल्या आणीबाणीच्या सरावाच्या) कोर्समध्ये, पाण्यावर, रेडिओवर प्रशिक्षक असताना. आणि जमिनीपासून २०० मीटर वर असतानाच त्यातून बाहेर आलेलं असायचं.