बिल नसलेल्या बियाण्यानं पाच एकर पऱ्हाटी जाळली

हे २०२४ च्या खरिपात माझ्यासोबत घडलं. मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूस उत्पादक आहे. मे महिन्याच्या शेवटी ओळखीच्याच एका पाव्हण्यासोबत एक माणूस मोटारसायकलवर घरी आला. पिशवीत 'तणनाशक बीटी'ची पाकिटं होती. बीटी म्हणजे जनुक बदलून बोंडअळीला तोंड देणारा केलेला कापूस, आणि हा तर तणनाशकही सहन करतो असं सांगून विकला जाणारा. एचटीबीटी म्हणा, चोर बीटी म्हणा, वस्तू तीच. पेरा, महिन्यानं सरळ ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, तण मरेल आणि पऱ्हाटी, म्हणजे कापूस, उभी राहील, असं त्याचं म्हणणं.

त्यानं हिशेब माझ्याच ओसरीवर मांडला. पाच एकराच्या एका निंदणाला अकरा हजारांच्या वर मजुरी जाते, दोन निंदणं वाचली तर बावीस हजार वाचले. त्यात ऐन वेळी बाया मिळत नाहीत, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. सरकारी दरानं बीजी-२ चं, म्हणजे मंजुरी असलेल्या बीटी बियाण्याचं, पाकीट त्या वर्षी ८६४ रुपयांना होतं. त्यानं १,४०० लावले. मी दहा घेतली, चौदा हजार रोख दिले.

बिल मागितलं तर म्हणाला, "भाऊ, याचं बिल कसं फाडू? सरकारची मंजुरी नाही, म्हणून तर चोरून आणावं लागते."

मी फसलो तो इथे. आपल्याकडे २००२ साली बीटी कापसाला आणि २००६ साली बीजी-२ ला मंजुरी मिळाली, तणनाशक सहन करणाऱ्या वाणाला मात्र आजवर मिळालेली नाही. हे मला माहीत होतं. पण चोरून विकतात म्हणजे माल अस्सलच असणार, असं माझ्या मनानं घेतलं. बिल नाही, लॉट नंबर नाही, कंपनीचा पत्ता नाही, आणि हे सगळं मला खरेपणाची खूण वाटत गेलं.

मायनं पेरणीच्या वेळी विचारलं, "तुरीचं तास ठेवतो ना?" दरवर्षी कापसाच्या आठ तासांमागे, म्हणजे ओळींमागे, एक तास तुरीचं असतं, मधे थोडी चवळी, थोडी अंबाडी. मी नाही म्हटलं. ग्लायफोसेट तूर ओळखत नाही, चवळीही नाही. घरची डाळ आणि पावसाळ्याची भाजी मी पेरणीच्या दिवशीच सोडून दिली.

जुलैच्या मध्यात फवारलं. तोंडाला फक्त दुपट्टा बांधला होता. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, ती कीटकनाशकं होती, तरी एवढं पाहूनही मी हातमोजे घातले नाहीत. ग्लायफोसेट पानांतून आत शिरतं आणि मुळापर्यंत जातं, त्यामुळे पहिले काही दिवस शेतात काही दिसत नाही. चौथ्या दिवशी मी त्याला फोन केला. "हिरवी आहे ना पऱ्हाटी? मग?" म्हणाला. सातव्या दिवशी शेंडे पिवळे पडले. दहाव्या दिवशी तासच्या तास वाळलं होतं. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

अधूनमधून काही झाडं मात्र हिरवीगार उभी होती, चारात एखादं. म्हणजे साध्या सरकीत थोडं खरं बी मिसळलेलं होतं. रंग लावलेली सरकी हातात घेऊन हा फरक कोणालाच कळणार नाही. कोणी म्हणेल, आधी एका तासावर मारून पाहायचं होतं. पाहिलं असतं तर पीक वाचलं असतं, पैसे तरीही गेलेच असते. शिवाय हे औषध कापसात मारायला परवानगीच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं त्याचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता ठेवण्याचा आदेश काढला. मला ते दुकानातून सहज मिळालं, याचा रागही मला आज येतो.

तालुक्याला कृषी अधिकाऱ्यांकडे गेलो. ते तुसडेपणानं वागले नाहीत, पण त्यांचा प्रश्न साधा होता: तक्रार कोणाविरुद्ध लिहायची? बियाणं खराब निघालं तर तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येते, पंचनामा करते, आणि त्या पंचनाम्यावर भरपाई मागता येते. त्यासाठी पक्कं बिल, टॅग असलेलं रिकामं पाकीट आणि थोडं राखून ठेवलेलं बी लागतं. माझ्याकडे दहा कोरी पाकिटं होती. विकणाऱ्यानं बिल न देऊन स्वतःला आधीच मोकळं करून घेतलं होतं.

जुलैअखेर मोडून तूर पेरली. चौदा हजारांचं बी, औषध, खत, दोन पेरण्या, आणि कापसाचा हंगाम गेला.

यंदा मे महिन्यात तीच पाकिटं नव्या नावानं आमच्या भागात आली. मी आजूबाजूच्या तीन गावांत ओळखीच्यांना फोन केले. त्यातल्या दोघांनी पैसे आधीच देऊन ठेवले होते.