बार्बाडोस: कार्लाइल बे की बॅथशीबा?

बार्बाडोसमध्ये समुद्रावर एकच दिवस असेल तर पश्चिमेचा कार्लाइल बे किनारा की पूर्वेचा बॅथशीबा? पोहता येत नसेल तर कार्लाइल बे. विषय संपला. पण बॅथशीबा न बघता परतलात तर अर्धं बार्बाडोस बघायचं राहिलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या घरात हे वेड २०२४च्या टी-ट्वेंटी फायनलनंतर शिरलं. बार्बाडोसमधल्या ज्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर आपण ७ धावांनी जिंकलो, ते डोळ्यांनी बघायचंच, असं पोराने डोक्यात घेतलं होतं. सोबत बायको आणि गुडघे दुखणारी आई. समुद्रासाठी एकच मोकळा दिवस असेल तर कुठे जायचं, हा प्रश्न अशा वेळी गंभीर होतो.

बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब. नाशिकहून सिन्नर गाठून थोडं पुढे गेलं की झालं, एवढंच. पण दोन्ही बाजूंचं पाणी बघून एकच बेट आहे यावर विश्वास बसत नाही. वारा वर्षभर पूर्वेकडून येतो. पूर्व किनाऱ्यासमोर थेट आफ्रिकेपर्यंत नुसता अटलांटिक, त्यामुळे तिथे लाटा दणदणीत. पश्चिमेला बेटाचाच आडोसा मिळतो आणि पाणी निवांत.

कार्लाइल बे राजधानी ब्रिजटाउनलाच चिकटून आहे. पांढरी बारीक वाळू, हळूहळू खोल होत जाणारं पाणी. सकाळी लवकर जा. तिथले आजी-आजोबा तेव्हा समुद्रस्नानाला आलेले असतात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांच्या निवांत गप्पा चालतात, अगदी आपल्या रामकुंडावरच्या पहाटेसारख्या. आईने ते पाहिलं आणि विचारलं, "अरे, इथं बुडी मारली तर चालेल ना?" मग ती बाहेर यायलाच तयार नव्हती! पोराने स्नॉर्केलिंग करून कासवं आणि तळाशी बुडालेली जुनी जहाजं पाहिली. लाइफ जॅकेट घालून मीसुद्धा.

खोट एकच, गर्दी. बंदर शेजारीच आहे, त्यामुळे क्रूझ लागली की खुर्च्या-छत्र्यांचा बाजार भरतो आणि जेटस्कीवाले मागे लागतात. भाडं ठरवताना अमेरिकन डॉलर की बार्बाडोसचा, हे आधी विचारून घ्या. एका अमेरिकन डॉलरला तिथले दोन मिळतात, म्हणजे गफलत झाली तर बिल थेट दुप्पट.

आता बॅथशीबा. "शांत, अस्सल, गर्दी नसलेला किनारा" अशी त्याची कौतुकं सगळीकडे वाचायला मिळतात. गर्दी नाही हे खरं, पण शांत? लाटांच्या आवाजात शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. इथल्या 'सूप बोल' नावाच्या लाटेवर जगभरचे सर्फर येतात. आपण मात्र घोट्यापलीकडे जाऊ नये, ओढ भयंकर आहे. खडकांमध्ये साठलेल्या पाण्यात बसता येतं, तेही ओहोटीला. पण पाण्यात उभे असलेले ते प्रवाळी चुनखडीचे प्रचंड धोंडे! लाटांनी बुंधा खाऊन टाकलाय आणि वर भलंमोठं डोकं. बायको म्हणाली, "मला इथेच बसू दे, तुम्ही कुठे जायचं ते जा." ती बराच वेळ तशीच बसली. उन्हाळ्यात मात्र सरगॅसम हे समुद्री शेवाळ पूर्व किनाऱ्यावर येऊन कुजतं आणि सडक्या अंड्यासारखा वास मारतं. निघण्याआधी हॉटेलात चौकशी करा.

टॅक्सीची गरज नाही. ब्रिजटाउनच्या फेअरचाइल्ड स्ट्रीट स्टँडवरून पिवळ्या पट्ट्याची निळी सरकारी बस मिळते. आम्ही गेलो तेव्हा तिकीट साडेतीन बार्बाडोस डॉलर होतं. परतीच्या बसची वेळ मात्र आधीच विचारून ठेवा. बॅथशीबाला खाण्याची ठिकाणं मोजकीच, शाकाहारी माणसाची पंचाईतच. आम्ही ब्रिजटाउनमधूनच बटाटा-छोल्यांची रोटी बांधून नेली. कॅरिबियनमध्ये गेलेल्या भारतीय मजुरांची ही देणगी, मसाला ओळखीचा वाटतो. सोबत नाशिकचा चिवडा होताच.

पोरांना दोन गोष्टी बजावून ठेवा. किनाऱ्यावर हिरव्या, छोट्या सफरचंदासारखी फळं दिसली तर हात लावायचा नाही. ते मँचिनीलचं झाड, विषारी असतं. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल खूण केलेली असते. आणि आर्मी प्रिंटची बर्म्युडा नाशिकलाच ठेवायची. तिथे सामान्य माणसांनी तसले कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनीसुद्धा.